विजेत्याचे वतन : नॉर्मन विल्यम आणि इंग्लंडची राजसत्ता



६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्याच्या आरंभी एक लहानसा विधी असतो. राजाला चारी दिशांच्या लोकांपुढे उभे केले जाते, हाच तुमचा निर्विवाद राजा आहे असे जाहीर केले जाते आणि जमलेले लोक एकमुखाने त्याचा जयजयकार करतात. दूरचित्रवाणीवर हे दृश्य पाहणाऱ्यांना तो लोकसंमतीचा मंगल क्षण वाटला असल्यास नवल नाही. परंतु त्याच ठिकाणी, तेव्हाच्या जुन्या ॲबीत, २५ डिसेंबर १०६६ रोजी नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमच्या मस्तकी इंग्लंडचा मुकुट चढला, तेव्हा हीच संमती कशी मिळाली, ते ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्या दिवशी लोकांना दोन भाषांत विचारावे लागले. यॉर्कचा आर्चबिशप एल्ड्रेड याने इंग्रजांना त्यांच्या भाषेत विचारले आणि कुतांसचा बिशप जॉफ्री याने नॉर्मनांना फ्रेंचमध्ये. आत होकाराचा कल्लोळ उठला. बाहेर पहाऱ्यावर असलेल्या नॉर्मन शिपायांना परक्या भाषेतला तो गलका ऐकून दग्याची शंका आली आणि त्यांनी आसपासच्या घरांना आगी लावल्या. लोक देवालयातून बाहेर धावले. कोणी आग विझवण्यासाठी, कोणी त्या गोंधळात हात मारून घेण्यासाठी. अर्धेअधिक रिकाम्या झालेल्या त्या वास्तूत मूठभर धर्मगुरूंनी थरथर कापणाऱ्या राजाचा अभिषेक कसाबसा पुरा केला. ऑर्डरिक व्हायटॅलिस या मठवासी इतिहासकाराने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्याचा बाप फ्रेंच होता, आई इंग्रज होती. जेत्यांच्या मठात आयुष्य काढूनही जितांचे दुःख न विसरलेला असा हा लेखक. त्याच्या साक्षीची गरज पुढेही पडणार आहे.

इंग्लंडच्या राजघराण्यावर या विल्यमची छाप किती खोल आहे याची एक साधी खूण सांगता येते. १२७२ साली गादीवर आलेल्या राजाला इतिहास ‘पहिला एडवर्ड’ म्हणतो. वस्तुतः त्याच्या आधी एडवर्ड नावाचे तीन राजे इंग्लंडात होऊन गेले होते. पण ते विल्यमच्या आधीचे, म्हणून मोजदादीत नाहीत. जणू राजेपणाचे खातेच १०६६ साली उघडले. त्यानंतर प्लँटॅजेनेट आले, ट्यूडर आले, स्टुअर्ट आले, जर्मनीहून हॅनोव्हरचे घराणे आणावे लागले. परंतु प्रत्येकाने आपला हक्क कोणत्या ना कोणत्या नात्याने विल्यमच्या रक्ताशी नेऊन भिडवला. १९१७ साली जर्मनीशी युद्ध चालू असता राजघराण्याचे जर्मन नाव अडचणीचे ठरू लागले, तेव्हा पंचम जॉर्जने नवे नाव निवडले ते ‘विंडसर’. विंडसरचा किल्ला विल्यमने बांधावयास घेतलेला आहे. परके नाव टाकले आणि आणखी जुन्या परक्याच्या किल्ल्याचे नाव घेतले.

किल्ले, कॅथीड्रले, इंग्रजी भाषेत शिरलेले हजारो फ्रेंच शब्द यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते सर्व खरे आहे. परंतु विल्यमचा टिकाऊ वारसा दगडांत किंवा शब्दांत शोधू नये. तो इंग्लंडच्या सातबाऱ्यात आहे, असे म्हटले म्हणजे मराठी माणसाला मुद्दा चटकन कळेल.

घटनाक्रम थोडक्यात असा. जानेवारी १०६६ मध्ये निपुत्रिक राजा एडवर्ड मरण पावला आणि दुसऱ्याच दिवशी हॅरल्ड या बलाढ्य सरदाराला राज्याभिषेक झाला. एडवर्डने आपल्याला वारस नेमले होते आणि हॅरल्डने तशी शपथही घेतली होती, असा विल्यमचा दावा होता. सप्टेंबरअखेर तो पेव्हन्सीला उतरला. १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळच्या लढाईत हॅरल्ड पडला. येथवर मध्ययुगातील इतर स्वाऱ्यांहून यात फारसे निराळे काही नाही. निराळेपण पुढे आहे. विल्यमने आपण इंग्लंड जिंकले असे कागदोपत्री म्हटलेच नाही. आपण एडवर्डचे कायदेशीर वारस आहोत, हॅरल्ड हा मध्येच घुसलेला तोतया होता, अशी त्याची भूमिका होती. वीस वर्षांनी झालेल्या जमीन पाहणीत हॅरल्डच्या नऊ महिन्यांच्या राज्याचा मागमूसही ठेवलेला नाही. प्रत्येक गावाची पूर्वस्थिती नोंदताना ‘राजा एडवर्डच्या काळी’ असे म्हटले आहे आणि हॅरल्डचा उल्लेख राजा म्हणून नव्हे, तर साधा अर्ल म्हणून आहे.

या शब्दच्छलाला मोठा अर्थ होता. विल्यम जर पहिल्या दिवसापासून कायदेशीर राजा, तर हेस्टिंग्जला त्याच्याविरुद्ध लढलेला प्रत्येक इंग्रज राजद्रोही ठरतो. आणि राजद्रोह्याची जमीन जप्त होते. जे त्या दिवशी लढले नाहीत पण पुढच्या पाच-सहा वर्षांत उठावात सामील झाले, त्यांचीही गत तीच. अशा रीतीने एका पिढीच्या आत इंग्लंडची जवळजवळ सगळी जमीन राजाच्या हाती आली आणि राजाने ती आपल्या माणसांना वाटून दिली. दिली म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घ्यावे लागते. आपल्याकडे जुन्या काळी मिरासदाराची जमीन आणि इनामदाराची जमीन यांत भेद होता. मिरास ही वाडवडिलांची, गावकीने मानलेली; इनाम हे राजाने दिलेले आणि राजाची मर्जी फिरली तर जाणारे. विल्यमपूर्वीच्या इंग्लंडातही सनदेने मिळालेली, वंशपरंपरेने चालणारी आणि विकता येणारी जमीन होती. विल्यमनंतर मिरास म्हणून काही उरलीच नाही. देशातली तसू न् तसू जमीन अंतिमतः राजाची. बाकी सर्व जण, मग तो बिशप असो, सरदार असो की नांगर धरणारा असो, कोणाकडून तरी ती ‘धारण’ करणारे. आणि ही साखळी वर चढत अखेर राजापाशी थांबणारी. युरोपात सरंजामशाही इतरत्रही होती. परंतु फ्रान्सच्या कित्येक भागांत कोणाकडूनही न मिळालेली, धन्याविना असलेली जमीन शिल्लक होती. ‘धन्याविना जमीन नाही’ हे सूत्र इंग्लंडात जितक्या निरपवादपणे लागू झाले तितके क्वचितच कोठे झाले असेल.

हे सहजासहजी घडले नाही. उत्तरेत यॉर्कच्या बाजूस उठावावर उठाव होत होते. १०६९–७० च्या हिवाळ्यात विल्यमने त्या मुलखात जी कारवाई केली तिला इंग्रजी इतिहासात ‘उत्तरेचा विध्वंस’ म्हणतात. धान्याची कोठारे, नांगर, जनावरे, घरे, सर्व जाळण्यात आले, जेणेकरून त्या प्रदेशात माणूस तगूच नये. दुष्काळात एक लाखाहून अधिक माणसे मेली असे ऑर्डरिकने लिहिले आहे. मध्ययुगीन लेखकांचे आकडे जपून घ्यावेत हे खरे. परंतु सोळा वर्षांनंतरच्या पाहणीत यॉर्कशरच्या गावांमागून गावांपुढे ‘ओसाड’ एवढाच शब्द पडलेला दिसतो, त्याला काही तरी कारण असणारच. ऑर्डरिक एरवी विल्यमची स्तुती करतो. या एका कृत्याबद्दल मात्र त्याला क्षमा नाही, असे तो स्वच्छ म्हणतो.

१०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे दरबार भरला असता विल्यमने साऱ्या राज्याच्या पाहणीचा हुकूम काढला. वर्षाच्या आत, १०८६ मध्ये, राजाचे अधिकारी परगण्या-परगण्यांतून फिरले. गावोगावच्या पंचांना शपथेवर बसवून विचारण्यात आले : ही जमीन एडवर्डच्या काळी कोणाची होती, आज कोणाची आहे, नांगर किती, भूदास किती, गुलाम किती, कुरण किती, गिरण्या किती, मासळीची तळी किती, तेव्हा उत्पन्न काय होते आणि आता काय आहे, आणि याहून अधिक काढता येईल काय? शेवटचा प्रश्न विशेष लक्षात ठेवावा. एकही बैल, एकही गाय, एकही डुक्कर नोंदीबाहेर राहिले नाही, याची लाज वाटते, अशा अर्थाचे उद्गार त्या काळच्या इंग्रज बखरकाराने काढले आहेत. तेरा हजारांहून अधिक गावे-वस्त्यांची ही दप्तरे म्हणजेच ‘डूम्सडे बुक’. कयामतच्या दिवसाच्या निवाड्यावर जसे अपील नाही तसे या नोंदींवर नाही, म्हणून लोकांनी दिलेले नाव. ते ग्रंथ आजही लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

त्यांतून दिसणारे चित्र असे. उत्पन्नाच्या हिशेबाने जमिनीचा सुमारे सहावा हिस्सा राजा व त्याच्या कुटुंबाचा. सुमारे चौथा हिस्सा चर्चचा. उरलेला बहुतेक सारा दोनशेच्या आतबाहेर असलेल्या परक्या सरदारांचा, आणि त्यातही दहा-अकरा जणांकडे देशाचा जवळपास चतुर्थांश. मोठ्या जमिनी थेट राजाकडून धारण करणारे इंग्रज गृहस्थ उरले होते दोन : आर्डनचा थर्किल आणि लिंकनचा कोल्स्वाइन. वीस वर्षांत एका देशाचा संपूर्ण जमीनदार वर्ग बदलला गेला, आणि ज्याने बदलला त्यानेच त्याची खातेवही लिहवून घेतली.

त्याच वर्षी, १ ऑगस्ट १०८६ रोजी, सॉल्झबरी येथे विल्यमने महत्त्वाच्या सर्व जमीनधारकांना बोलावले आणि ते कोणाचेही मांडलिक असोत, त्यांच्याकडून थेट आपल्याशी निष्ठेची शपथ घेवविली. फ्रान्सच्या राजाला त्याचे सरदार जुमानत नसत. खुद्द विल्यम हाच त्याचा सर्वांत उद्दाम सरदार होता. तेव्हा ही विद्या त्याला दुसऱ्या टोकाकडून चांगली अवगत होती. इंग्लंडची राजसत्ता शेजाऱ्यांच्या मानाने लवकर केंद्रित आणि बळकट झाली याचे एक मूळ येथे आहे. मात्र हेही न्यायाने सांगितले पाहिजे की शेरीफ, परगण्यांची न्यायसभा, जमिनीवरचा नियमित कर, राजाचे मोहोरबंद हुकूम ही सर्व यंत्रणा सॅक्सन राजांनी उभारलेली होती. विल्यमने तयार घर बळकावले आणि त्याला फक्त नवे कुलूप लावले.

जंगलाचा प्रश्न तर आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. शिकारीच्या छंदापायी विल्यमने दक्षिणेत ‘न्यू फॉरेस्ट’ राखून ठेवले आणि इतरत्रही राखीव वने वाढवली. राखीव म्हणजे केवळ झाडी नव्हे. त्यात गावे येत, शेते येत. त्या हद्दीत सामान्य कायदा चालत नसे, राजाचा वनकायदा चाले. हरिण मारणाऱ्याचे डोळे काढावेत असा दंड होता. पिकात शिरलेले हरिण हाकलणेही गुन्हा, सरपण गोळा करणेही गुन्हा. त्याच न्यू फॉरेस्टमध्ये पुढे त्याचे दोन मुलगे मेले. त्यांतला दुसरा, गादीवर असलेला विल्यम रूफस, ११०० साली शिकारीत बाण लागून. लोकांनी त्याचा अर्थ काय लावला असेल, ते सांगायला नको. या वनकायद्याविरुद्धचा असंतोष अखेर १२१७ च्या ‘वनसनदे’त उतरला. त्या सनदेने राजांनी गिळलेली पुष्कळ रानमर्यादा मागे घेतली, शिकारीबद्दल जीव वा अवयव घेण्याची शिक्षा बंद केली आणि डुकरे चारण्याचे, सरपणाचे हक्क मान्य केले. दोन वर्षे आधीच्या मॅग्ना कार्टाचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते, कारण तीत मुख्यतः सरदारांचे हक्क आहेत. ही दुसरी सनद १९७१ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होती. तिची आठवण फारशी कोणी ठेवली नाही.

आणखी एक तरतूद. एखादा नॉर्मन मारला गेलेला सापडला आणि खुनी हाती लागला नाही, तर त्या साऱ्या परिसरावर सामुदायिक दंड बसे. त्यातून सुटायचे तर मेलेला माणूस इंग्रज होता हे सिद्ध करावे लागे. इंग्रज असेल तर दंड माफ. ही पद्धत १३४० पर्यंत टिकली. बेचाळीसच्या आंदोलनात गावेच्या गावे सामुदायिक दंडाखाली भरडली गेली, ते ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या तरतुदीचा वास ओळखीचा वाटेल. राज्यकर्ता परका असला की शिक्षेचा हिशेब माणशी न होता गावशी होतो.

पुढील सहा शतकांचा इतिहास येथे ओलांडून जाणेच बरे. महत्त्वाचा टप्पा येतो तो सतराव्या शतकात. ३० जानेवारी १६४९ रोजी पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, राजपद रद्द झाले. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिलच्या आरंभी, सरी परगण्यातील सेंट जॉर्जेस हिल नावाच्या टेकडीवर काही गरीब माणसे कुदळ-फावडी घेऊन आली. गावच्या सामाईक पडीक जमिनीत त्यांनी पार्सनिप, गाजरे आणि घेवडा पेरला. इतिहासात यांना ‘डिगर्स’, खणणारे, म्हणतात. त्यांचा म्होरक्या जेरार्ड विन्स्टनली हा लंडनमधला दिवाळे निघालेला कापडव्यापारी. गुरे राखून पोट भरणारा. लॉर्ड जनरल फेअरफॅक्स याच्यासमोर त्यांना नेण्यात आले, तेव्हा विन्स्टनली आणि त्याचा सोबती एव्हरार्ड यांनी डोक्यावरची टोपी काढली नाही. तोही तुमच्या-आमच्यासारखाच ईश्वराचा जीव आहे, एवढेच त्यांचे त्यावर म्हणणे होते.

विन्स्टनलीचा युक्तिवाद मोठा तर्कशुद्ध होता. चार्ल्स राजा कशाच्या बळावर होता? तर तो विल्यमचा वारस म्हणून. जमीनदारांच्या मालकीचा उगम कशात आहे? तर विल्यमने आपल्या कप्तानांना केलेल्या वाटपात. सामान्य जनतेने कर भरून, सैनिकांना घरात ठेवून, पोरे रणात पाठवून त्या वारसाला पाडले. म्हणजे जी तलवारीने गेली होती ती जमीन तलवारीनेच परत आली. मग शेंडा तोडून फांद्या कशा ठेवता? राजा गेला, तर राजाच्या सनदेवर उभे असलेले जमीनदारही गेलेच पाहिजेत. निदान पडीक सामाईक जमीन तरी तिच्यावर राबणाऱ्यांची. या प्रश्नाला क्रॉमवेलच्या प्रजासत्ताकाजवळ उत्तर नव्हते. उत्तर दिले ते स्थानिक जमीनदारांनी आणि धर्मोपदेशकांनी भाडोत्री माणसे घालून : पिके तुडवली गेली, झोपड्या जाळल्या गेल्या आणि वर्षभरात, १६५० च्या वसंतात, ही वसाहत उठवली गेली. आज सेंट जॉर्जेस हिल ही फाटकबंद खाजगी वसाहत आहे. गोल्फचे मैदान आहे आणि अतिश्रीमंतांचे बंगले आहेत.

जमीनदारांनी मात्र क्रांतीतून आपला वाटा अचूक उचलला. राजाला देणे असलेली सरंजामी देणी, म्हणजे वारसा मिळताना द्यावयाचा नजराणा, अज्ञान वारसाची राजाकडे जाणारी पालकी, त्याच्या विवाहाचा राजाचा अधिकार, ही पार्लमेंटने १६४६ मध्येच रद्द केली होती. १६६० साली राजा परत आला. पण ही देणी परत आली नाहीत. त्या वर्षीच्या कायद्याने ती कायमची गेली. राजाला नुकसानभरपाई हवी होती. ती जमिनीवर कर बसवून द्यावी असा विचार पुढे आला आणि तो फेटाळला गेला. त्याऐवजी बिअर आणि इतर पेयांवरील अबकारी कराचे उत्पन्न राजाला बहाल करण्यात आले. धनिकाची जमीन मोकळी झाली आणि त्याची किंमत मजुराच्या पेल्यातून वसूल झाली. जमीनदारांच्या हाताखालचे ‘कॉपीहोल्ड’ कूळ मात्र सुटले नाही. त्या पद्धतीचे अखेरचे अवशेष जाण्यास १९२६ साल उजाडावे लागले. विल्यमच्या शिडीची वरची पायरी १६६० मध्ये काढली, खालची त्यानंतर २६६ वर्षांनी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘नॉर्मन जोखड’ या कल्पनेत एक गोड भ्रमही होता : विल्यम येण्यापूर्वी इंग्लंडात स्वातंत्र्य आणि समता नांदत होती, परक्याने येऊन ती हिरावली, असा. टॉमस पेनने १७७६ साली विल्यमच्या अनौरस जन्माची आणि लुटारू स्वारीची जी यथेच्छ टर उडवली तीही याच परंपरेतली. वस्तुस्थिती अशी की सॅक्सन इंग्लंडात सरदार होते, वेठ होती आणि गुलामही होते. डूम्सडेने नोंदलेल्या माणसांपैकी सुमारे दशांश गुलाम आहेत, आणि ही प्रथा नॉर्मनांनी आणलेली नव्हती. उलट त्यांच्याच काळात ती हळूहळू मावळली. मार्क्सवादी इतिहासकार ख्रिस्टोफर हिल यांनी १९५४ साली या कल्पनेचा मागोवा घेणारा निबंध लिहिला. ती इतिहास म्हणून अपुरी असली तरी राज्य आणि जमीन यांची मालकी हिंसेतून जन्माला आली आहे, हे सामान्य माणसाला उमगवणारी होती, हे त्यांनी दाखवले. पुरातन सुवर्णयुगाच्या मोहात चळवळी किती सहज पडतात, ते आपल्याकडेही दिसते. म्हणून एवढा उल्लेख.

आता आजच्या इंग्लंडकडे पाहू. तेथे घर विकत घेणारा माणूस स्वतःला मालक समजतो. कायद्याच्या काटेकोर भाषेत त्याच्याकडे जमीन नसते, जमिनीतला एक हक्क असतो. तो राजाकडून धारण केलेला. बहुतांशी ही आता कल्पनेतली गोष्ट आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु कल्पना केव्हा तरी पैसे मिळवून देतात. कोणी मृत्युपत्र न करता मेला आणि जवळचा नातलग नसला, तर त्याची मालमत्ता बेवारस म्हणून राजसत्तेकडे जाते. १९२५ च्या कायद्याने हा हक्क जुन्या सरंजामी हक्काच्या जागीच बसवला. इंग्लंडच्या बहुतेक भागात हा पैसा सरकारी तिजोरीत जातो. पण जुन्या लँकेशर परगण्यात तो लँकेस्टरच्या डचीकडे, म्हणजे राजाच्या खाजगी उत्पन्नाच्या संस्थानाकडे जातो आणि कॉर्नवॉलमध्ये युवराजाच्या डचीकडे. लँकेशर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. आयुष्यभर गिरणीत राबलेला एकाकी कामगार मेला की त्याची शिल्लक राजाच्या डचीत जमा होते. खर्च वजा जाता ती धर्मादायाला दिली जाते असे डची सांगते. २०२३ साली मात्र ‘गार्डियन’ वृत्तपत्राने उघड केले की त्यातील काही रक्कम डचीच्याच भाड्याने दिल्या जाणाऱ्या मालमत्तांच्या दुरुस्तीवर खर्च होत होती. या डचीतून राजाला मिळणारे निव्वळ उत्पन्न अलीकडच्या वर्षांत दोन कोटी पौंडांहून अधिक आहे.

राजमुकुटाच्या मोठ्या जमिनींचे, ‘क्राउन इस्टेट’चे, उत्पन्न १७६० साली तिसऱ्या जॉर्जने पार्लमेंटच्या हवाली केले आणि बदल्यात वर्षासन घेतले. ही इस्टेट राजाची खाजगी नव्हे आणि तिचा नफा सरकारी खजिन्यात जातो, हे खरे. परंतु २०१२ पासून राजाचे अनुदान या नफ्याच्या टक्केवारीवर ठरते. इंग्लंड-वेल्सच्या किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळ या इस्टेटकडे आहे. त्यावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या, भाडे वाढले आणि नफा वर्षाला शंभर कोटी पौंडांच्या वर गेला. २०२४–२५ मध्ये ८.६३ कोटी पौंड असलेले अनुदान २०२५–२६ साठी १३.२१ कोटी झाले. टक्केवारी कमी करून बारावर आणल्यानंतरचा हा आकडा आहे. वारा फुकट वाहतो, पण खांब ज्या तळावर रोवायचा त्याला धनी आहे.

पार्लमेंटचा कायदा मंजूर होतो तेव्हा राजाची संमती अद्यापही नॉर्मन फ्रेंचमध्ये उच्चारली जाते : ‘राजाची तशी इच्छा आहे.’ ही शोभेची गोष्ट म्हणून सोडून देता येईल. परंतु राजाच्या खाजगी हितसंबंधांना स्पर्श करणारे विधेयक चर्चेपूर्वीच त्याच्या वकिलांना दाखवून त्याची परवानगी घेण्याची प्रथा शोभेची नव्हे. दुसऱ्या एलिझाबेथच्या कारकीर्दीत एक हजाराहून अधिक कायदे या चाळणीतून गेले, हे २०२१ साली उजेडात आले.

जमीन कोणाकडे आहे, हा प्रश्न इंग्लंडात विचारलाच गेला नाही असे नाही. १८७० च्या दशकात मूठभर घराण्यांकडे सारा देश आहे असा आरोप होऊ लागला, तेव्हा तो खोटा पाडण्यासाठी खुद्द उमरावांनीच जमीनधारकांची सरकारी गणना मागितली. लोकांनी तिला ‘नवे डूम्सडे’ म्हटले. निष्कर्ष उमरावांच्या अंगाशी आला : सुमारे सात हजार माणसांकडे ब्रिटिश बेटांची चार पंचमांश जमीन होती. त्यानंतर अशी गणना पुन्हा झालेली नाही.

विल्यमचे सूत्र इंग्लंडपुरते राहिलेही नाही. जेफर्सनने १७७४ साली, अमेरिकेची जमीन राजाकडून धारण केलेली नाही, कारण हा नॉर्मन सिद्धान्त तेथे कधी लागूच झाला नाही, असे ठासून मांडले. ऑस्ट्रेलियात ब्रिटिश झेंडा रोवताच सारे खंड राजाचे झाले, असे दोनशे वर्षे धरले गेले. टॉरेस सामुद्रधुनीतल्या एडी माबो या माणसाच्या दाव्यात १९९२ साली तेथील उच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांचा हक्क मान्य केला. तथापि जमिनीवरचे अंतिम स्वामित्व त्या निकालातही राजमुकुटाकडेच राहिले. भारतात डलहौसीने सातारा १८४८ साली आणि नागपूर १८५४ साली खालसा केले तेही औरस वारस नाही म्हणून. वारस नसल्यास धारणा वरच्या धन्याकडे परत जाते, या तर्काची जात तीच. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी आदिवासींचे रान सरकारी रान केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला ‘ऐतिहासिक अन्याय’ म्हटले आणि २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. भारतीय संविधानाचे २९६ वे कलम वाचले तर बेवारस मालमत्ता राज्याकडे जाण्याची तरतूद दिसते. पूर्वी जी ब्रिटिश राजाकडे किंवा संस्थानिकाकडे गेली असती ती, असेच तेथे शब्द आहेत. प्रजासत्ताकाने धनी बदलला, ही फार मोठी गोष्ट आहे. धनीपणाचे स्वरूप किती बदलले, हे प्रत्येक भूसंपादनाच्या वेळी नव्याने तपासावे लागते. स्कॉटलंडने तर २००४ साली सरंजामी धारणापद्धती कायद्याने साफ मोडीत काढली. इंग्लंडने तेवढेही अद्याप केलेले नाही.

विल्यमच्या मृत्यूची हकीकत ऑर्डरिकने दिली आहे. ९ सप्टेंबर १०८७ रोजी रूआँ येथे तो मेला. त्याबरोबर सरदार आपापल्या गढ्या सांभाळण्यास धावले आणि नोकरांनी कपडे, भांडी, हत्यारे लुटून प्रेत उघडे टाकले. एका साध्या ग्रामीण सरदाराने पदरमोड करून ते कां येथे पोहोचवले. त्याच राजाने बांधलेल्या मठात दफनाची तयारी झाली. एव्हरोच्या बिशपने राजाचे गुण गायिले आणि शेवटी, मृताकडून कोणाचा काही अपराध झाला असल्यास क्षमा करावी, अशी लोकांना विनंती केली. तेव्हा गर्दीतून असेलिन नावाचा माणूस उठला. ही जमीन माझ्या बापाच्या घराची आहे, या माणसाने ती जबरीने घेतली, माझ्या मातीत याला पुरण्यास मी मनाई करतो, असे तो सर्वांसमक्ष म्हणाला. बिशप आणि सरदार गोंधळले. त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारले. शेजाऱ्यांनी असेलिनचे म्हणणे खरे असल्याचे सांगितले. तेव्हा साठ शिलिंग मोजून राजाच्या थडग्यापुरती जागा त्याच्याकडून विकत घेण्यात आली, उरलेल्या जमिनीचा मोबदला देण्याचे वचन देण्यात आले, आणि मग दफन झाले.